सदर चुकीचे परिमार्जन

मी अकरावीत होते त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी माझे वडील वारल्याची बातमी आमच्या गावात आली. पंचमीच्या दिवशी दुपारी माझे वडील गावात आले. या दोन दुपारींच्या मध्ये जे झालं, त्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही नंतर सांगलीला गेलो. तिथे एका अर्जात मी एक शब्द पहिल्यांदा लिहिला. पुढे माझी सगळी नोकरी आधी सांगलीत आणि मग साताऱ्यात वृत्तपत्राच्या कचेरीत झाली. तो शब्द लोकांच्या अर्जांत मी इतक्यांदा वाचला की त्यावरून नजर सरकून जायची. पहिल्या अर्जाची हकिगत मात्र कुठे लिहिलेली नाही. ती इथे लिहिते.

आमचं गाव विट्यापासून जवळ. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष गलाईवाले, म्हणजे सराफांचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणारे. दुकानं सगळी परमुलखात, घरं गावात. वर्षातून दोनदा-तीनदा माणसं घरी यायची, बाकीच्या दिवसांत गावात बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं. तानाजी, मारुती, शिवाजी ही नावं प्रत्येक गल्लीत असल्यामुळे गाव माणसांना दुकानाच्या शहरावरून ओळखायचं. बरेलीवाले, कानपूरवाले, राजमहेंद्रीवाले. त्यांच्या बायकाही बरेलीवालीण, कानपूरवालीण. माझे वडील सेलमवाले. घरी आणि बाहेर सगळे त्यांना तात्या म्हणायचे. आदल्या दिवाळीत तात्यांनी सेलमचं दुकान आमच्या शेजारच्या मारुतीअण्णांच्या हवाली केलं आणि स्वतः नेल्लूरला नवं मांडलं. गावाला हे माहीत होतं, पण पडलेलं नाव गावाने बदललं नाही. नेल्लूरला गेलेले तात्या सेलमवालेच राहिले. मारुतीअण्णा आधी कानपूरला होते, ते सेलमला बसूनही कानपूरवालेच राहिले. यामुळे कुणाची कधी अडचण झाली नव्हती.

आमच्या आणि मारुतीअण्णांच्या घरामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीत एक कोनाडा आरपार फोडलेला होता. विस्तव, विरजण, चहाची पूड त्यातून इकडची तिकडे जायची. मारुतीअण्णांची बायको शालनकाकी माझ्या आईपेक्षा बरीच लहान, तिला मूलबाळ नव्हतं. ती आईला आक्का म्हणायची आणि दिवसातून अनेकदा कोनाड्याला तोंड लावून हाक मारायची. आई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची. दोघी एकमेकींना न बघता तासभर बोलायच्या. काकीचं हसू मोठं होतं. गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. "शालन, हळू गं, कानपूरला ऐकू जाईल," असं आई म्हणायची, आणि काकी म्हणायची, "जाऊ द्या की. त्याशिवाय घरची आठवण कशी यील त्यास्नी?"

पंचमी हा आमच्याकडे बायकांचा सण. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. आदल्या दिवशी भावासाठी उपवास, हाताला मेंदी आणि नव्या बांगड्या. त्या सकाळी मुमताजचाची बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या सोप्यात बसली होती. तिच्या तीन पिढ्या आमच्या गावच्या बायकांचे हात ओळखत होत्या. आईचा पंजा रुंद, तिला बांगडी चढवताना चाची अंगठ्याचं हाड असं दाबायची की आई ओरडायची आणि बाकीच्या हसायच्या. कोरेगावची आत्या, तात्यांची थोरली बहीण, पंचमीला माहेरी आली होती. ती विधवा होती, त्यामुळे ती बांगड्या न भरता कडेला बसून लाह्या पाखडत होती आणि चाचीला रंग सुचवत होती. "हिला हिरव्याच भर. तानाजी यायचाय उद्या." शालनकाकीने हिरव्यांच्या मध्ये एकेक लाल घालून घेतली. तात्या नेल्लूरहून निघून सेलमला उतरणार होते आणि मारुतीअण्णांना बरोबर घेऊन दोघे पंचमीला पोचणार होते. तसं तात्यांनी पत्राने कळवलेलं होतं आणि ते पत्र मी दोन्ही घरांत वाचून दाखवलं होतं.

दुपारी बशीरभाई आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानात गावातला पहिला एसटीडी फोन. गावाचे फोन तेच घ्यायचे आणि निरोप पोराकरवी पाठवायचे. स्वतः ते कधी कुणाच्या दारात येत नसत. त्या दिवशी ते आले आणि उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे राहिले. आईला न बघता आत्याला म्हणाले, "आत्तीबाई, जरा भाईर या." सेलमच्या सराफ बाजारातून कुणा माणसाचा हिंदीतून फोन होता. तुमच्या गावचा इथला दुकानवाला सकाळी छातीत कळ येऊन गेला, दवाखान्यातून ताबा मिळाला की गाडी निघेल, उद्या पोचेल. बशीरभाईंनी नाव विचारलं, तेवढ्यात लाईन तुटली. त्यांनी सेलमच्या दुकानाचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. दुकानातली माणसं दवाखान्यात असणार, हे उघड होतं. नावाची गरज कुणाला वाटली नाही. आमच्या गावचे सेलमवाले एकच होते, आणि ते त्या दिवशी सेलममध्येच होते.

आई किंचाळली नाही. ती म्हणाली, "त्यांना तर कधी कळ आली नव्हती," आणि खाली बसली. भिंतीपलीकडून शालनकाकी धावत आली. तिने आईला मांडीवर घेतलं आणि ती एकच गोष्ट परत परत सांगत राहिली. ती मला शब्दशः आठवते. "आक्का, आमचं हायती की तितं. सगळं बघत्याल. तात्यांस्नी येकटं न्हाई सोडायचं. घिऊन यित्याल बगा, आमचं हायती तितं."

परमुलखात वारलेल्या माणसाबद्दल आमच्या गावाची एक पद्धत होती. दोन दिवसांच्या वाटेने आलेली गाडी दारात थांबवायची नाही. वेशीजवळ तोंड दाखवायचं आणि तसंच ओढ्याकाठच्या स्मशानात न्यायचं. त्यामुळे बाईचं जे काही करायचं ते गाडी यायच्या आधी, बातमी आल्याबरोबर उरकायचं. एरवी ते मढं उचलताना करतात. आमच्याकडे ते फोनवर व्हायचं, असं म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी संध्याकाळच्या आत कोरेगावच्या आत्याने आईचं कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं आणि सकाळी भरलेल्या बांगड्या पाट्याच्या दगडावर फोडल्या. आत्या आधी नको म्हणाली, कारण मेलेला तिचा सख्खा भाऊ होता. पण घरात दुसरी विधवा नव्हती. शालनकाकीने आईचे हात धरून ठेवले होते. मेंदी अजून ओली होती, ती काकीच्या तळव्यांना लागली. ही पद्धत आता बंद आहे. आमच्या ग्रामपंचायतीने तसा ठराव केला, त्याची बातमी मीच लिहिली आणि ती पाचव्या पानावर आली.

वृत्तपत्राचं पुढीलप्रमाणे झालं. आमच्या भागाचा वार्ताहर पंचमीच्या बातमीसाठी शिराळ्याला गेला होता. त्याच्या भावाने बशीरभाईंच्याच फोनवरून सांगलीला निधनवार्ता सांगितली. गलाई व्यवसायातील ज्येष्ठ, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी, एक मुलगी, एक बहीण. पंचमीच्या सकाळी पहिल्या एसटीने ते पान गावात आलं. मी ते वाचलं. मजकुरात एकही चूक नव्हती. वय बरोबर होतं, आमच्या गावाचं नाव बरोबर होतं, मी एकुलती होते तेही बरोबर होतं. तात्या मनमिळाऊ होते, हेसुद्धा खरंच होतं.

पंचमीला गावात झोके बांधले गेले नाहीत. दुपारी मॅटॅडोर आली तेव्हा सगळं गाव वेशीवर होतं. ओढ्याकाठी लाकडं रचून झाली होती. गाडी दिसल्याबरोबर बायकांनी आकांत केला. आई शालनकाकीच्या खांद्यावर होती. गाडी थांबली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तात्या खाली उतरले.

आकांत एकदम थांबला नाही. पुढच्यांचा थांबला, मागच्यांचा चालू होता. तात्यांच्या दाढीचे खुंट वाढलेले होते, शर्टाची बटणं वर-खाली लागली होती, हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. आईचं कपाळ आणि हात पाहून ते जिथे होते तिथेच थांबले. काय झालंय हे त्यांना कळलं नाही, असं ते पुढे सांगायचे. त्यांना वाटलं, मुलगी गेली की काय, आणि मग मी दिसले. आत्या मटकन खाली बसली. आई उभीच होती.

पहिल्यांदा बोलली ती शालनकाकी. तिचा चेहरा फुलला. मी तो पाहिला, मी तिच्या शेजारीच होते. तिने आईला दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

"आलं की गं तुजं! आक्का, आलं की! आवं बगा की, आलं!"

ती हसत होती. भिंतीपलीकडून यायचं तेच हसू. कुणीच हसलं नाही. तात्या तिच्याकडे बघत होते. तिने एकवार तात्यांच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला नजर टाकली, तिथे कुणी नव्हतं. मग मागच्या बंद दाराकडे.

"मग गाडीत कोन हाय, तात्या?"

त्यांनी खाली पाहिलं. सेलमच्या शेजारच्या दुकानदाराला त्यांनी गावी कळवायला सांगितलं होतं, "कळवलं" असं उत्तर आलं होतं, आणि ते दवाखान्याच्या व पोलिसांच्या कामाला लागले होते. गाव कुणासाठी रडत उभं आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी मागचं दार उघडलं. मारुतीअण्णांचं तोंड उघडं होतं, नाकात कापूस होता. ओळखण्यात चूक व्हावी असं त्यात काही नव्हतं. शालनकाकी त्या बाजूला गेली नाही. ती खाली बसलेल्या आत्यासमोर गेली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"फोडा."

"शालन, जा बाई, आदी तोंड बघ त्याचं," आत्या म्हणाली.

"फोडा म्हनते न्हवं? आक्काच्या फोडल्या आन आक्काचं मानूस आलं. माज्याबी फोडा. बिगीबिगी फोडा आत्ती, म्हंजी यितील."

आत्याने आयुष्यात किती जणींच्या बांगड्या फोडल्या होत्या मला माहीत नाही. त्या दिवशी तिने हात पदराखाली घेतले आणि मान हलवत राहिली. शालनकाकीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने स्वतःच मॅटॅडोरच्या मागच्या लोखंडी पट्टीवर मनगटं आपटली. मनगटातून रक्त आलं. ती गाडीकडे पाठ करून विट्याच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. गावाने गाडी ओढ्याकडे नेली. तात्यांसाठी रचलेली लाकडं मारुतीअण्णांना वापरली.

त्या संध्याकाळी आत्याने आईपुढे कुंकवाचा करंडा ठेवला. नवरा जिवंत असताना भुंड्या हाताने राहणं तात्यांच्या जिवाला बरं नाही, असं तिचं म्हणणं होतं. आई म्हणाली, "भिंतीपल्याड ती तशी बसलीया आन मी हितं किनकिन वाजवत फिरू व्हय?" आत्या म्हणाली, "तिचं नशीब येगळं, तुजं येगळं." आई म्हणाली, "कालपतूर येकच हुतं की." तिने कुंकू लावलं, बांगड्या भरल्या नाहीत. त्या पुढे कितीतरी दिवसांनी, मुमताजचाचीला मागच्या दाराने बोलावून, स्वयंपाकघराचं दार लावून भरल्या. त्यांना तिने चिंधी गुंडाळली होती, आवाज होऊ नये म्हणून.

शालनकाकी रडली नाही. हेच गावाला सहन होईना. ती वेळच्या वेळी उठायची, पाणी भरायची, दारात बसायची. तात्या तिला काय झालं ते सांगायला दोनदा गेले. पहिल्यांदा ती उठून आत गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "तात्या, आता नगा सांगू. त्यांचं त्यांनीच आल्यावर सांगू द्या." तात्या परत आले आणि आईला म्हणाले, "हिचं डोकं फिरलं." आई म्हणाली, "फिरलं न्हाई. तिनं डोळ्यांनी बघितलंय येक मानूस आलेलं."

दरम्यान पत्रं येऊ लागली. बरेलीहून, राजमहेंद्रीहून, नेल्लूरहून. गलाई दुकानं तात्यांच्या दुखवट्यात एक दिवस बंद राहिली होती. तात्यांनी बशीरभाईंच्या दुकानात स्वतः फोन उचलला की समोरचा माणूस गप्प व्हायचा किंवा फोन ठेवून द्यायचा. शेवटी त्यांनी सांगलीला जाऊन दुरुस्ती छापून आणायचं ठरवलं आणि अर्ज लिहायला मला बरोबर घेतलं. आम्ही निघालो तेव्हा शालनकाकी एसटीच्या थांब्यावर आधीच उभी होती. तिचं सुतक फिटलेलं नव्हतं, अशा बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. थांब्यावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. तात्या म्हणाले, "शालन, तू कशाला?" ती म्हणाली, "माजंबी काम हाय तितं."

वृत्तपत्राची कचेरी मी पहिल्यांदा पाहिली. शाईचा वास, वर पंखा, टेबलावर खिळ्याला टोचलेल्या कागदांची चळत. वृत्तसंपादकांचा चष्मा कपाळावर होता. तात्यांनी कात्रण पुढे केलं. त्यांनी कात्रण पाहिलं, तात्यांना पाहिलं, आणि म्हणाले, "या, बसा. कैलासवासी ते आपणच का?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मग त्यांची नजर शालनकाकीच्या कोऱ्या कपाळाकडे आणि मनगटांवरच्या खपल्यांकडे गेली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खुर्च्या मागवल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की उद्या दुरुस्ती येईल, दोन ओळी, निधनाचं वृत्त तानाजी यांचे नसून मारुती यांचे आहे. नियमासाठी एक अर्ज द्या. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहू लागले. "दिनांक अमुकच्या अंकात अनवधानाने प्रसिद्ध झालेल्या वृत्तामुळे... सदर चुकीचे परिमार्जन व्हावे, ही विनंती." मी थांबले. शब्द कसा लिहायचा ते त्यांनी सांगितलं. मी अर्थ विचारला नसता. विचारला तो शालनकाकीने.

"सायेब, त्ये काय म्हनला?"

"परिमार्जन."

"म्हंजी वं काय?"

वृत्तसंपादक शब्दांचे शौकीन होते, हे मला पुढे त्यांच्या हाताखाली काम करताना कळलं. त्यांनी सवयीने सांगितलं. "दुरुस्ती म्हणजे चुकीच्या जागी बरोबर काय ते सांगणं. ती आम्ही छापतो. खुलासा म्हणजे आपलं म्हणणं काय होतं ते सांगणं. तो ज्याचा त्याने करायचा. दिलगिरी मालक सांगतील तेव्हा. आणि परिमार्जन म्हणजे पुसून स्वच्छ करणं. चूक तर घालवायचीच, शिवाय त्या चुकीने जे जे झालं तेही भरून काढायचं. चूक झालीच नव्हती, अशी स्थिती आणायची."

"तसं करता येतंय?"

वृत्तसंपादकांनी पेनाचं टोपण लावलं. "अर्जात तसं लिहायची पद्धत आहे, बाई."

"तात्यांचं झालं की," शालनकाकी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "तात्यांचं तुमी छापलं आन तात्या आलं. आमच्यांचं न्हाईच छापलं. आमचंबी छापा. ह्ये नसून त्ये, असं न्हाई. तात्यांचं जसं छापलं तसंच, त्याच जागंला, तेवढ्याच अक्षरात. येवढं परिमार्जन करा."

मघा हसलेले लोक टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होते. तात्यांनी हातातलं कात्रण दुमडलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा दुमडलं. ती वेडी झाली आहे असं मला वाटलं नाही. ती जे म्हणत होती ते एका बाजूने बरोबर होतं. वृत्तसंपादकांना तिच्या मनातलं कळलं होतं, यात मला शंका नाही. त्यांनी तिला समजावलं नाही. त्यांनी एक कोरा कागद ओढला.

"निधनवार्ता घेताना यापुढे आम्ही खात्री करणार आहोत," ते म्हणाले. "तुमच्याच बातमीमुळे तसं ठरलंय. जवळच्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय घेता येणार नाही."

"मी सांगतो," तात्या म्हणाले. "मी होतो तिथं."

"आपण शेजारी. घरचं कोण?"

"मी हाय की," शालनकाकी म्हणाली.

"मग तुम्ही सांगा. मी लिहितो."

वृत्तसंपादक पेन धरून थांबले. ते घाई करत नव्हते आणि मदतही करत नव्हते. मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं होते आणि त्या दिवसाबद्दल त्यांना कधी विचारलं नाही, त्यामुळे ते दयेने थांबले होते की नियमाने, हे मी सांगू शकत नाही. शालनकाकीने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. तिने पदराने ओठ पुसले.

"मारुती," ती म्हणाली. मग सासऱ्याचं नाव, मग आडनाव. "ऱ्हानार..." तिने गावाचं नाव सांगितलं.

"काय झालं त्यांचं?"

"छापा की."

"तुम्ही म्हणाल ते छापीन."

ती वृत्तसंपादकांच्या पेनाकडे बघत राहिली. "वारलं," ती म्हणाली. तिने स्वतःचा शब्द ऐकला आणि खुर्चीच्या दांड्या धरल्या. तात्या उठले. तिने हाताने त्यांना बसायची खूण केली. "ल्ह्या सायेब. वारलं. मागं बायको."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा तात्यांनी चहा आणून दिला, तो तिने घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मजकूर आले. आतल्या पानावर दुरुस्तीच्या दोन ओळी, आणि तात्यांचं आलं होतं त्याच जागी मारुतीअण्णांचं, तितक्याच ओळींचं. ते मी तिला दारात वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग तिने अंघोळ केली, चूल पेटवून दोघांपुरता स्वयंपाक केला, तो झाकून ठेवला आणि थांब्यावर जाऊन बसली. आईने हातातलं काम टाकलं आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली. मी कॉलेजला गेले नाही. विट्याहून गाडी आली की शालनकाकी उभी राहायची, उतरणारी माणसं संपली की खाली बसायची. उतरणारी माणसं तिच्याकडे न बघता जायची. एका गाडीतून मुमताजचाची पेटी घेऊन उतरली. तिने दोघींना पाहिलं, पेटी खाली ठेवली आणि तीही बाजूला बसून राहिली. आईने दुपारी भाकरी आणली, ती तिघींनी तिथेच खाल्ली. आई तिला एकदाही घरी चल म्हणाली नाही. मी तिच्या कानाला लागून म्हटलं, "आई, सांग की तिला, असं नसतं म्हणून." आई म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं सांगू? माजं आलं न्हवं?"

मी ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्यात दुरुस्ती नेहमी मूळ बातमीपेक्षा लहान असते आणि आतल्या पानावर असते. आता तर फोनवर आलेली चुकीची श्रद्धांजली लोक नुसती पुसून टाकतात आणि तिथे फक्त पुसल्याची खूण राहते. परिमार्जन व्हावे, असं लिहिलेले अर्ज अजून येतात का, हे मला माहीत नाही. मी कचेरीत असेपर्यंत येत होते. त्यावर मी दुरुस्ती, पान पाच, असा शेरा मारून कागद पुढे पाठवत असे.

शेवटच्या गाडीने तात्या आले. ते विट्याला गेले होते. ते उतरले, त्यांच्या मागून दोन पोरं उतरली, एक म्हातारा उतरला, आणि कंडक्टरने दार ओढून घेतलं. गाडी वळून गेली. शालनकाकी उभी होती ती तशीच उभी राहिली. तात्या तिच्यासमोर येऊन थांबले. आईही उठली. अजून उजेड होता.

"तात्या," शालनकाकी म्हणाली, "कसं झालं त्ये सांगा आता."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. सकाळी भट्टी पेटवून झाली होती. गावी न्यायची पिशवी दुकानात भरून ठेवलेली होती. समोरच्या हॉटेलातून चहा आला. मारुतीअण्णांनी दोन कप भरले, एक तात्यांपुढे सरकवला आणि "घ्या, गार हुतोय" असं म्हणून ते बाकावर टेकले. तात्यांनी कप उचलून वर पाहिलं तेव्हा त्यांची मान भिंतीला लागलेली होती.

शालनकाकीने विचारलं, "त्यांनी घेतलावता का च्या?"

तात्या म्हणाले, "नाही."